कुंदाची चाळीस मिनिटं

कुंदा पालव जिममध्ये यायची ती एका माणसाला ठार मारायचं म्हणून. वजन कमी करायला नाही, शुगरसाठी नाही. हे तिने मला ओळख झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी सांगितलं, शेजारच्या ट्रेडमिलवरून, वेग साडेतीनवर ठेवून आणि दोन्ही हातांनी समोरची दांडी घट्ट धरून.

मी तिला विचारलं होतं, "तुझी कंबर कशाने गेली?" आमच्यासारख्या कंबरवाल्या बायका नाव विचारायच्या आधी हे विचारतात.

"पाटा उचलताना."

"अगं, आता पाट्यावर कोण वाटतं? मिक्सर नाही का घरात?"

"वाटायला नाय उचललेला. बहिणीच्या नवऱ्याच्या डोक्यात घालायला उचललेला."

मी हसले. ती हसली नाही. पुढे बघत चालत राहिली आणि प्रत्येक पावलाला ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत राहिली. कान दिला तेव्हा कळलं, ती 'धर, धर, धर' म्हणत होती.

हे जिम कांजूरमार्ग पूर्वेला एका हार्डवेअरच्या दुकानाच्या डोक्यावर आहे. अकरा ते चार बायकांची वेळ. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास आत येतो, मग प्रणाली सगळ्या खिडक्या धाडधाड लावते. प्रणाली ही आमची ट्रेनर. तिशीची, खांद्यांनी रुंद आणि जिभेने त्याहून. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते, म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्ची. माझे मणके सहा वर्षांपूर्वी बोंबलले. तेव्हापासून भेटेल तो मला सल्ला देतो. ताडासन कर, एरंडेल चोळ, जमिनीवर झोप. एकदा भाजीवाल्याने सल्ला दिला तेव्हा मी त्याला त्याच्याच दुधीने मारणार होते. सतत दुखणारी कंबर माणसाला हिंसक करते. हे कुठलाच डॉक्टर सांगत नाही, पण कुंदाला ते माहीत होतं, म्हणून आमचं जमलं.

ती चोपन्न वर्षांची, बुटकी, सावळी. पिंढऱ्या अजून दगडासारख्या. तरुणपणी एका बँकेच्या संघातून कबड्डी खेळायची, तिथेच शिपाई म्हणून लागली आणि क्लार्क म्हणून स्वेच्छेने निवृत्त झाली. लग्न केलं नाही. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "मी डावा कोपरा गो. घोटा धरायला पाय जवळ यायला लागतो. कोण आलाच नाय." ती माणसाच्या तोंडाकडे बघायचीच नाही. जिममध्ये कोणी आलं की तिची नजर आधी पायांवर जायची. माझ्याबद्दल तिचं पहिलं मत असं, "तू उजव्या पायावर भार टाकतेस, डावा घाबरतो." मला इतका राग आला, कारण खरं होतं.

कमरेचा त्रास असलेल्या माणसाने कार्डिओ करणं म्हणजे काय, हे न दुखणाऱ्याला सांगून उपयोग नाही. पहिली पाच मिनिटं बरी जातात. मग खाली, माकडहाडाच्या वर, कोणीतरी पाना लावून फिरवायला सुरुवात करतो. थांबलं तर तिथेच आकडा लागतो, चाललं तर पाना फिरतो. आम्हाला उड्या बंद, पुढे वाकणं बंद, वजन उचलणं बंद. ट्रेडमिलवर चढ नाही, सायकल पाठीला टेकू असलेली, आणि क्रॉस-ट्रेनर प्रणाली शेजारी उभी असेल तरच. कुंदाला या सगळ्याचा तिटकारा होता. ती रोज जाताना प्रणालीला विचारायची, "वजन कधी देणार?"

"काकी, तुम्हाला वजन कशाला पाहिजे?"

"वीस किलो छातीपर्यंत यायला पाहिजे. फक्त एकदा."

प्रणालीला वाटायचं, म्हातारीची काहीतरी जिद्द असेल. पाटा वीस किलोचा होता हे फक्त मला माहीत होतं.

पाट्याची गोष्ट मला तिने हप्त्याहप्त्याने सांगितली, कारण एका दमात सांगायला तिला श्वास पुरायचा नाही. तिची धाकटी बहीण रेखा. आई लवकर गेली, कुंदानेच तिला वाढवलं, तिचं लग्न लावलं आणि आईचा पाटा-वरवंटा तिला आंदण दिला. नवरा विलास. कुंदा चौथ्या मजल्यावर, रेखा त्याच इमारतीत सातव्यावर. विलास पहिल्या वर्षापासून मारायचा. पट्ट्याने, हाताने, एकदा इस्त्रीने. तक्रार दोनदा झाली. दोन्ही वेळा तो संध्याकाळी घरी परत आला आणि दुसऱ्या दिवशी रेखाचा हात गळ्यात होता. दोनदा ती पळालीही. दोन्ही वेळा इमारतीतले चार शहाणे तिला स्टेशनावरून समजूत काढून घेऊन आले. घरचं घरात, म्हणाले. मिटवलं, म्हणाले. कुंदा त्या चौघांबद्दल जे बोलायची ते मी मुद्रित तपासणारी असूनही इथे छापू शकत नाही.

मग त्याने रेखाचा जबडा फोडला. भरदुपारी शेजारीण तिला एक्स-रेला घेऊन गेली आणि कुंदा आपल्याकडच्या चावीने सातव्या मजल्यावर दार उघडून आत गेली. विलास दारू पिऊन चटईवर उताणा पडला होता, तोंड उघडं. ओट्याखाली आईचा पाटा होता.

"विचार केलाच नाय," कुंदा म्हणाली. "गेले, वाकले, उचलला. छातीपर्यंत आला. त्याच्या डोक्याशी उभी राहिले. आता नुसते हात सोडायचे होते. आणि कंबरेत कट्‌ झालं."

पाटा पडला तो त्याच्या कानापासून वीतभर. लादी फुटली. विलास घोरतच राहिला. कुंदा त्याच्या शेजारी आडवी झाली आणि तिला बोटही हलवता येईना. ज्याला मारायला आली त्याच्या तोंडाचा वास घेत ती दोन तास तशीच पडून होती.

"पंचवीस वर्षं कोपऱ्यात खेळले. पहिला धडा काय? गुडघ्यात वाक. शेकड्यांनी पोरींना मी तो शिकवला. आणि त्या दिवशी कंबरेतून वाकले. राग आला की माणूस कंबरेतून वाकतो, शोभा. लक्षात ठेव."

विलास उठला, फुटलेली लादी बघितली, कुंदाला बघितलं आणि म्हणाला, "काय कुंदाताई, चटणी वाटायला आलात काय?" त्याला खरंच तसं वाटलं. लिफ्ट बंद होती. त्याने तिला पाठुंगळीला घेतलं, सात मजले उतरवलं आणि रिक्षातून इस्पितळात नेलं.

"माझं तोंड त्याच्या मानेवर होतं. चावले असते तर शीर तुटली असती," ती म्हणाली. "पण कळ अशी की मी त्याचा शर्ट मुठीत धरून रडत होते. सात मजले."

हे सांगताना तिने ट्रेडमिलची दांडी अशी आवळली की नखं पांढरी पडली. बेत फसल्याचं तिला एवढं नव्हतं, पण त्याने वाचवल्याचं तिला सहन होत नव्हतं. त्यातून विलास ही हकिकत इमारतभर सांगत सुटला. म्हणे, कुंदाताई माझ्यामुळे जिवंत आहेत. पुढे त्याची नोकरी गेली, तो दिवसभर घरीच बसू लागला, दाराला आतून कुलूप आणि किल्ली चड्डीच्या खिशात. रेखा दळण आणायलाही एकटी जाऊ शकत नव्हती. दार उघडायचं ते फक्त कुंदासाठी, रोज दुपारी एक वाजता, कारण ती माशाच्या कालवणाचा डबा घेऊन जायची आणि विलासला ते आवडायचं. तो तिला दारातच विचारायचा, "कंबर काय म्हणते?" ती सांगायची, "तुमची आठवण काढते." तो खूश व्हायचा.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने तिला बजावलं होतं, "काकी, ते पाटा-वरवंटा आता बंद करा." कुंदा म्हणायची, "बंद कसं करू? अर्धं काम राहिलंय."

मी तिला समजवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तुरुंगात जाशील, म्हटलं. म्हणाली, "जाईन." रेखाचं काय होईल, म्हटलं. म्हणाली, "विधवा होईल. बरी राहील." खरं सांगायचं तर मला ती बरोबर वाटत होती, आणि स्वतःला तसं वाटतंय याची भीतीही वाटत होती.

ती धरते म्हणजे कशी धरते, हे मी एकदा डोळ्यांनी बघितलं. बायकांच्या वेळेत जिमच्या मालकाचा एक मित्र येऊन ट्रेडमिलवर धावायला लागला. मोबाईल समोर असा लावलेला की आरशातून मागच्या सायकलवरच्या बायका दिसाव्यात. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागलेला होता. प्रणालीने त्याला दोनदा उतरायला सांगितलं. तो कानात इअरफोनची बोंडं घालून धावतच राहिला. कुंदा सायकलवरून उतरली, त्याच्या मागे गेली आणि खाली बसली. तेवढंच मला दिसलं. पुढच्या क्षणाला तो तोंडावर आपटला, पट्ट्याने त्याला मागे फेकलं, हनुवटी फुटली आणि दात ओठातून आरपार गेला. कुंदाने घोटा सोडला नव्हता. तो लाथा मारत होता आणि ही जमिनीवर बसून शांतपणे प्रणालीला सांगत होती, "मोबाईल घे त्याचा. पुसून टाक काय ते. मग सोडते."

पुसल्यावर सोडला. रबरी लादीवर रक्त पडलं होतं, ते तिनेच फडक्याने पुसलं.

प्रणालीने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "काकी, तुम्हाला वाकायला मनाई आहे."

"गुडघ्यात वाकले," कुंदा म्हणाली. मग मला तिने माझ्याच पायावर पकड दाखवली. अंगठा पुढे, बोटं मागच्या शिरेवर, दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट आवळायचं, डोकं त्याच्या पोटरीला चिकटवायचं. "लाथ बसणार. पाठीवर बसणार. बसूदे. आपण मोजायचं नाय. शिट्टी वाजेपर्यंत धरायचं." माझ्या घोट्यावर तिची बोटं चार दिवस उमटलेली होती.

जिमच्या आठव्या महिन्यात तिने स्वतःचा घात करून घेतला. प्रणाली फोनवर होती. कुंदा वजनांच्या कोपऱ्यात गेली आणि वीसची लोखंडी चकती उचलायला वाकली, या वेळी अगदी गुडघ्यात, अगदी बरोबर. चकती गुडघ्यापर्यंत आली आणि कुंदाच्या घशातून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. आम्ही दोघींनी तिला चटईवर उताणं केलं, पाय खुर्चीवर ठेवले. ती छताकडे बघत होती आणि डोळ्यांतून पाणी दोन्ही कानांत जात होतं.

"नाय जमणार मला," ती म्हणाली. "पाटा नाय उचलता येणार आता कधी. मेला तो असाच जगणार."

मी तिचा हात धरून बसले. तिने मान वळवली आणि माझ्या पायांकडे बघितलं.

"मुलुंड चेकनाक्याला जाऊन परत यायला रिक्षाला किती वेळ लागतो?"

"चाळीस मिनिटं. का?"

"मला येतं काय ते मी विसरलेच," ती म्हणाली. "उचलणं माझं कामच नव्हतं. धरणं माझं काम."

त्या दिवसापासून तिने वजनाचं नाव काढलं नाही. प्रणालीला म्हणाली, मला चाळीस मिनिटं न थांबता चालायचंय. तोवर तिचा आकडा अठरा होता. मग बावीस झाला, सव्वीस झाला. तिसाव्या मिनिटाला तिचा चेहरा राखेसारखा व्हायचा, घाम हनुवटीवरून पट्ट्यावर पडायचा, डावा पाय ओढला जायचा आणि तोंडात तेच, धर, धर, धर. एकदा ओकली. तोंड पुसून पुन्हा चढली. मी शिव्या घातल्या तिला. "चाळीस मिनिटं दम टिकला पाहिजे," म्हणाली, "हात तर सुटतच नाय माझे."

बेत साधा होता. रत्नागिरीला मंदा म्हणून तिच्या संघातली उजवा कोपरा होती, विलासला तिचा पत्ता ठाऊक नव्हता. मुलुंड चेकनाक्यावरून एक पंचवीसच्या सुमाराला रत्नागिरीची बस सुटायची. दुपारी एक वाजता विलास दार उघडणार. कुंदा त्याचा घोटा धरणार, रेखा त्याच्या बाजूने बाहेर पडणार, मी फाटकाशी रिक्षात असणार.

"आणि वर कोणाला तरी पाठवते," मी म्हटलं. "पोलिसांना फोन करते."

"नाय." तिने माझा दंड धरला. "बस सुटेपर्यंत कोणाला काय बोलायचं नाय. लोक आले की मिटवतात. दोनदा मिटवलंय. बस हलली की मग कोणाला पायजे त्याला बोलव. आणि मी सोडीन ती तू येऊन सांगितल्यावरच. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर नाय."

ट्रेडमिलवर चाळीसचा आकडा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

एक वाजून दोन मिनिटांनी रेखा फाटकातून आली. पायात चप्पल नाही, हातात एक प्लास्टिकची पिशवी. रिक्षात ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, "ताईच्या पाठीवर मारतोय तो, ताईच्या पाठीवर." मला रिक्षा वळवावीशी वाटली. तीनदा वाटली. वळवली नाही. बस उशिरा आली. त्या नऊ मिनिटांत मी चेकनाक्यावर उभी राहून जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आयुष्यात दिल्या नव्हत्या, आणि कोणाला देत होते तेही मला माहीत नव्हतं. बस हलली तसा मी पोलिसांना फोन केला, मग प्रणालीला. परतीच्या वाटेवर एक डंपर आडवा उभा होता.

वर काय झालं ते मला पुढे कुंदानेच सांगितलं, रत्नागिरीत मंदाच्या पडवीत, ऑपरेशननंतर पालथी पडून. आता ती काठीने चालते, अंगणाच्या टोकापर्यंत. विलासवर केस चालू आहे आणि रेखाने ह्या वेळी जबाब फिरवलेला नाही. कुंदा म्हणाली, त्याने दार उघडलं, डबा घ्यायला हात पुढे केला, मी खाली बसले. तो पडला. रेखा त्याच्या अंगावरून उडी मारून गेली. पहिली दहा मिनिटं त्याने टाच वापरली. मग डबा वापरला, स्टीलचा, चार पुडांचा, तो वाकडा होईपर्यंत. मग रडला. म्हणाला, कुंदाताई, मी तुमचा जीव वाचवलाय. "तेव्हा जरा जास्त आवळला," ती म्हणाली. शेजारची तिन्ही दारं बंद होती. आत टीव्ही चालू होते.

मी सातव्या मजल्यावर पोचले तेव्हा भिंत लाल होती. आधी वाटलं रक्त. कोकमाचा वास आला तेव्हा कळलं, कालवण. मग खाली बघितलं तर रक्तही होतं, तिच्या पाठीवरच्या झग्यातून आलेलं, कानामागून आलेलं. विलास भिंतीला टेकून बसला होता, तोंड उघडं, हात प्रणालीने आणि वॉचमनने धरलेले, पोलीस अजून यायचे होते. त्याचा पाय घोट्यापाशी भलत्याच दिशेला वळला होता आणि जांभळा झाला होता. आता तो कुठे जाणार नव्हता. प्रणाली रडत होती. "काकी सोडत नाहीयेत," ती म्हणाली. "मी किती वेळ सांगतेय, सोडा आता."

कुंदा उंबऱ्यात पालथी होती. डोकं त्याच्या पोटरीला चिकटलेलं, डोळे मिटलेले, उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट धरलेलं. ओठ हलत होते. मी लादीवर गुडघे टेकले, कालवणात, आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"कुंदा, मी शोभा. गेली ती. बस सुटली."

तिने डोळे उघडले नाहीत. "बसली तू बघितलीस?"

"खिडकीत बसली. हात केला मला."

"किती झाली?"

मी घड्याळ बघितलं. "बावन्न."

"मशीनवर चाळीसच जमलेली," ती म्हणाली. आणि मग एकेक बोट करत तिने पकड सोडली.